बाटली भरलेली होती

…नाही ताई, नुसती बाटली बघून नाही चालत. ती भरलेली दिसते, दिसणारच — रेडिएटरचं झाकण उघडा. उघडा बिनधास्त, इंजिन गार आहे, तापलेलं असतं तर मीच हात धरला असता तुमचा. अँब्युलन्स आजपासून तुमच्या ताब्यात, म्हणून सांगतोय. हे बघा — इंजिन तापलं की आतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, फुगतं, झाकणाची स्प्रिंग ढकलून ह्या बारक्या नळीतून बाटलीत जातं. गार झालं की तेच परत आत ओढलं जातं. झाकणात दोन रबरं — एक बाहेर जाऊ देणारं, एक आत येऊ देणारं. हे दुसरं चिकटलं की बाहेर गेलेलं परत येतच नाही. बाटली काठोकाठ आणि रेडिएटर रिकामा. दिसतं तसं नसतं म्हणतात ना, ते हेच.

मला विचारा. म्हणजे विचारलंच सगळ्यांनी, चौकशीत. रोज सकाळी बाटली बघायचात? बघायचो. भरलेली होती? होती. वहीत सही आहे? आहे. सुटलो. साहेब म्हणाले, ड्रायव्हरचा दोष नाही.

त्या दुपारी मागे एक बाई होत्या, शिवणकाम शिकवायच्या, छातीत कळ आलेली. त्यांचे मिस्टर शेजारी, त्यांचं पाऊल धरून बसलेले — हाताला सलाईन होतं ना, म्हणून पाऊल. पुलाच्या चढावर एकदम वाफ. तापमानाचा काटा आपला मधेच — त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तर दाखवणार, कोरड्यात काय दाखवणार? दुसरी गाडी मागवली. अशा वेळी अर्धा तास हात लावू नये. पण मला कुठला अर्धा तास? टॉवेल गुंडाळून झाकण फिरवलं, हा हात भाजला तो तेव्हाच, आणि होतं नव्हतं ते गार पाणी ओतलं. तापलेल्या इंजिनात गार पाणी — मला कळत नव्हतं असं नाही. तडकलं. आवाज आला मला. मिस्टरांनी दार उघडून विचारलं, "अजून किती वेळ?" मी म्हटलं, "पाच मिनिटं." दुसरी गाडी चाळीस मिनिटांनी आली. तोवर त्यांनी विचारायचं सोडून दिलं होतं.

हे सगळं चौकशीत आहे. एक नाही — म्हणजे तसं काही नाही… ही वरची जाड नळी बघा. त्याआधी आठवडाभर रोज सकाळी ती चपटी झालेली असायची, आतून शोषल्यासारखी. बावीस वर्षं गाडी चालवतोय, मला कळत नाही होय? झाकण गेलंय, पहिल्याच दिवशी कळलं. पण सांगितलं की गाडी वर्कशॉपला, आणि मला पाठवणार पार पलीकडच्या केंद्रावर. घर इथून दोन गल्ल्या. आई अंथरुणाला खिळलेली, दुपारी मी जाऊन भरवायचो — दुसऱ्या कुणाच्या हातून घास घ्यायची नाही. म्हटलं, रविवारी स्वतःच नवं झाकण आणून बसवतो. रविवारी तिला ताप भरला. राहिलं. सोमवारी नळी दाबून गोल केली, सही ठोकली. मंगळवारी त्या बाई.

आई? गेली ती, त्याच महिन्यात.

मिस्टर आले होते नंतर, इथेच. वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. हात जोडले हो त्यांनी. म्हणाले, "आमच्यासाठी हात भाजून घेतलात तुम्ही." मी काय केलं? चहा घेणार का विचारलं. घेतला त्यांनी. अर्धा ठेवून गेले.

असं बघू नका. साहेबांना सांगायचंय? सांगा. मी दोनदा गेलो सांगायला, ते म्हणाले फाईल बंद झाली, कशाला उकरून काढता, नोकरी सोडताय तर शांतपणे सोडा…

वाजतोय तो फोन. आता तुमचा आहे, उचला. पत्ता नीट लिहून घ्या. बॉनेट वगैरे मी लावतो. माझ्याकडे काय बघत बसलात, निघा.