मॅक्स आणि मंगल

आमच्या भटूला, मिरचीचा व्यापारी तो, सर्वांत ओलं पोतं शोधायला प्रोग्रॅम लिहायचा होता. ओलं पोतं राहिलं की सगळा माल बुरसतो. पायथॉन या संगणकाच्या भाषेतलं मॅक्स हे फंक्शन सर्वांत मोठा आकडा काढून देतं. भटूनं एका पोत्याच्या ओलाव्यालाच मॅक्स नाव दिलं. मग मॅक्सला बोलावलं, तर एरर.

मी म्हणालो, "ते नाव पायथॉननं आधीच त्या फंक्शनला ठेवलंय."

"मंग त्यानी काय व्हस?"

चहा घेऊन आलेली त्याची बायको म्हणाली, "लगीनमा तुम्ही मन्हं नाव बदलीसन मंगल ठेवं. घरमा मंगलकाकू व्हतीच. आते मंगल म्हनी हाक मारी तं कोनीच येस नही."

भटूनं आकड्याचं नाव बदललं. प्रोग्रॅम चालला.

मग त्यानं बायकोला हळूच विचारलं, "तुन्हं माहेरनं नाव काय व्हतं वं?"