अंबूबाईची पुढची तारीख

महाडच्या दातांच्या दवाखान्यात गुरुवारी तारखा लिहून देणाऱ्या सुनीतीचे हात वहीत असत आणि कान समोरच्या बाकड्यावर.

“मुलगी आत आहे का?” बाकड्यावरच्या माधुरीबाईंनी शेजारणीला विचारलं.

“हा. दोन वरसांनी आज तारा काढतात तिच्या,” अंबूबाई म्हणाली.

“दर महिन्याला पोलादपूरच्या वरून यायचात?”

“धार काढून डोंगर उतरायचा, मग एस्टी. एक तारीख नाय चुकवली.”

“आमचं घर समोरच, तरी आमच्या मुलाच्या, पियुषच्या, तीन तारखा चुकल्या.”

तेवढ्यात निशिगंधा बाहेर आली, तोंडावर हात धरून.

“हात काढ गो.” अंबूबाईनं अंगठ्यानं तिचा ओठ वर केला आणि दात नीट न्याहाळले.

“आये, सगळे बघतात.”

“बघू देत. शेळी घेताना मी असंच बघते. दातांवरनं वय कळतं.”

माधुरीबाई खळखळून हसल्या.

“बाय, पुढची तारीख लिही,” अंबूबाई सुनीतीला म्हणाली.

“मावशी, निशीचं झालं. आता दर महिन्याला नको यायला.”

“तिची नाय, माझी. आजवर तोंडावर पदर धरूनच हसले मी.”

सुनीतीनं नवं कार्ड काढलं.

“वय किती लिहू?”

अंबूबाईनं पदर बाजूला केला आणि तोंडभर हसली.

“बघ आणि तूच सांग.”