खांबावरची भातेवाली

मंडळी, मघाशी पूर्वरंगात आपण पाहिलं की देव जवळ असूनही दिसत नाही. आता त्याच धाग्यावर एक प्रश्न विचारतो. आपण एखाद्या गोष्टीला 'जुनी झाली' म्हणतो – ती खरंच जुनी होते, की आपणच तिच्याकडे बघायचं सोडतो? लगेच उत्तर देऊ नका. शेजारी पत्नी बसली असेल, तर मुळीच देऊ नका! आधी गोष्ट ऐका.

जुन्या नाशकातली एक अरुंद गल्ली. घराला घर चिकटलेलं, दोघांत भिंत एक. तिथं त्र्यंबकराव करडे राहायचे. जातिवंत तांबट! सगळा जन्म तांब्याच्या भांड्यांवर ठोके घालण्यात गेला. त्या ठोक्यांनी भांडी घडली आणि कान बिघडले. चांगलं मोठ्यानं बोललं, तर ऐकू यायचं. आता काम थांबलेलं, मुलगा नोकरीनिमित्त औरंगाबादेला, घरात ते आणि मथुराबाई.

घर तीन पिढ्यांचं. खाली बंद पडलेला कारखाना – भट्टी, ऐरण आणि वर्षानुवर्षांचं भंगार. राहणं वरच्या मजल्यावर. मधे उभा जिना, धरायला दोर. दर्शनी बाजूला लाकडी खांब, त्यांना दर दिवाळीला हिरवा ऑइल पेंट. आधीचा खरवडायचा नाही हं, त्याच्यावरच नवा! आपण पापावर पुण्य चढवतो ना, तसा.

एका दुपारी त्र्यंबकराव बाहेरून आले, तर मथुराबाई जिन्याच्या मध्यावर बसलेल्या. मांडीवर दळणाचा डबा, एक हात गुडघ्यावर. यांना बघून उठल्या, दोर धरून वर गेल्या. पण त्र्यंबकरावांच्या काळजात काहीतरी हललं. हिनं या घरात आल्यापासून आपल्याबरोबर भट्टीचा भाता ओढला, आणि म्हातारपणी आपण तिला काय दिलं? हा जिना! त्याच संध्याकाळी ते शेजारच्या सखाहरीशेठकडे गेले. एक बिल्डर कधीपासून दोन्ही घरं एकदम मागत होता, एकट्यानं विकून भागणार नव्हतं. दोघांनी मिळून होकार कळवला. त्र्यंबकरावांनी घरी येऊन सांगितलं, की घर जाणार, लिफ्टवाल्या इमारतीत जागा घेऊ.

मथुराबाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं."

बापे मंडळी, ऐका! बायको ज्या दिवशी 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणते, त्या दिवशी जरा थांबावं! पण त्र्यंबकराव खूश. त्यांना वाटलं, हिच्या मनातलंच केलं.

पुढच्या आठवड्यात जुन्या लाकडाचा व्यापारी आला. त्यानं खिशातून चाकू काढला, एका खांबाचा रंग नखभर खरवडला आणि खाली वाकून नीट पाहिलं. मग म्हणाला, की हे खांब गोव्याच्या एका हॉटेलात शोभतील, रविवारी माणसं घेऊन येतो. तो गेला. त्र्यंबकराव जेवून आडवे झाले. उठले तेव्हा घरात बायको नाही. खाली बघतात तर ओट्यावर बसून ती उलथन्यानं खांब खरवडतेय!

ते खाली उतरून तिच्या शेजारी उभे राहिले. आधी पोपटाची चोच निघाली, मग आंब्याचा घोस. आणि खांबाच्या पायथ्याशी, जिथं रंगाचे सगळ्यात जाड थर होते, तिथं एक माणूस निघाला. वीतभर उंचीचा. हातात हातोडा, पुढ्यात घागर. तांबट! आणि त्याच्या मागे बसलेली एक बाई – पदर खोचलेला, दोन्ही हातांनी भाता ओढतेय.

जन्मभर त्र्यंबकराव त्या खांबाला टेकून बसले होते. हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांचेच पूर्वज, आणि त्यांच्या घरची लक्ष्मी. घराच्या पहिल्या धन्यानं दारात कुणाला कोरलं? स्वतःला कोरलं, पण एकट्याला नाही!

मथुराबाईंनी पदरानं ती बाई पुसली. बराच वेळ बघत राहिल्या. मग नवऱ्याकडे वळून, त्यांना ऐकू जाईल इतकं स्पष्ट बोलल्या, "मला कुणी विचारलंच नाही. गुडघा माझा आहे ना? मला जिना नको झालाय. घर नाही."

त्र्यंबकराव ओट्यावर बसले. इतकी माया केली, आणि साधा प्रश्न विचारायचा राहिला! त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि का कोण जाणे, हलकंही वाटलं.

त्र्यंबकरावांनी बिल्डरला आणि लाकडाच्या व्यापाऱ्याला नकार कळवला. पण शब्द मागे घेणं सोपं का? सखाहरीशेठ भडकले. त्यांचाही सौदा मोडला होता. दिवाळीचं फराळाचं ताट तसंच परत आलं. त्र्यंबकरावांनी ते निमूट सोसलं, कारण चूक त्यांचीच होती. मग मुलगा सुट्टी काढून आला. बापलेकांनी खालचा कारखाना रिकामा केला. भट्टीच्या जागी चूल – म्हणजे गॅस हो! – मागे न्हाणीघर, रस्त्याच्या बाजूला पलंग. सुतारानं गळकं छप्पर नीट केलं. संसार खाली आला, जिना वर राहिला. इतकं सोपं होतं! मथुराबाई ओट्यावर बसून भाजी निवडू लागल्या, आणि येणारी-जाणारी माणसं खांबाशी थांबू लागली.

एके दिवशी सखाहरीशेठ आले. इकडेतिकडे बघत म्हणाले, "वहिनी, ते उलथनं जरा देता का?"

त्यांनी चार दिवस आपले खांब खरवडले. काय निघालं? काही नाही! ना पोपट, ना आंबा. नुसतं सरळ, गुळगुळीत सागवान. त्र्यंबकरावांना वाटलं, आता हा आणखी चिडणार. पण सखाहरीशेठनी त्या लाकडाला तेल दिलं, हात फिरवला आणि म्हणाले, "साधंच आहे. पण दादा, किती सरळ आहे!" पुढच्या दिवाळीला दोन्ही घरांचा फराळ एकाच ओट्यावर झाला.

आता मंडळी, त्या गल्लीतून आपल्या गल्लीत या. प्रत्येक जुनं घर राखता येतं असं मी म्हणत नाही. भिंत अंगावर येत असेल, तर उतरवावी लागते, माणूस आधी. पण पाडण्याआधी एकदा बघितलंत का? आणि ज्याच्या भल्यासाठी पाडताय, त्याला विचारलंत का?

आपण देवळात दर्शनाला येतो. दर्शन म्हणजे काय हो? बघणं! एवढंच. इथं रांग लावून बघता, मग घरी गेल्यावर डोळे का मिटता? आज आरती झाली की प्रसाद घ्या, पायात चपला घाला, आणि आपल्या दारात पोचलात की आत शिरायची घाई करू नका. उंबऱ्याबाहेर क्षणभर उभे राहा. दर्शन घ्या. मग आत जा.