अंदाजे पंचेचाळीस किलो

रामकृष्ण हरी, मंडळी! सरकून बसा, मागच्यांना जागा द्या. आज गोष्ट छोटी आहे, पण पचायला जड आहे. आधी एक प्रश्न विचारतो.

पापं कोणती, ते मी तुम्हाला सांगायला नको. चोरी पाप, चहाडी पाप, शेजाऱ्याच्या बांधात नांगर घालणं पाप — हां, तिकडे मागे दोघं एकमेकांकडे बघायला लागले! असू द्या, त्यांचं ते बघून घेतील. मी वेगळंच विचारतोय. अंदाज करणं — हे पाप आहे का?

नाही म्हणता? खरंय तुमचं. आमटीत मीठ अंदाजानंच पडतं. पोराचा सदरा वाढत्या अंगाचा म्हणून अंदाजानंच शिवतात. आणि हे आमचे मृदंगवाले बुवा! महाराज आज किती लांबवणार, याचा अंदाज घेऊन चहा पिऊन येतात! अंदाजाशिवाय प्रपंच चालत नाही मंडळी. मग त्यात पाप कसलं? ऐका.

गावाचं नाव घेत नाही. घेतलं तर ते गाव लाजेल, आणि एकट्या त्यानंच का लाजावं? बाजार समितीचं गाव आहे, एवढं पुरे. तूर येते, हरभरा येतो, सोयाबीन येतं. त्या गावात राहते द्रौपदा. वय अडतीस. तिसऱ्या वर्षी ताप आला, आणि जाताना दोन्ही पायांतलं बळ घेऊन गेला. हातानं पेडल फिरवायची तीनचाकी खुर्ची आहे तिची. भावजयीच्या घरात राहते, पण फुकटचं खात नाही. बाजारातली फाटकी पोती घरी आणते, दाभण आणि सुतळी घेऊन बसते आणि शिवून देते. तिनं शिवलेलं पोतं पुन्हा उसवत नाही, असं हमाल सांगतात. हमाल उगीच कुणाचं कौतुक करत नाहीत!

गौरी-गणपतीत तिला खोकला लागला. दसरा गेला, दिवाळी गेली, खोकला जाईना. संध्याकाळी अंग कोमट. दाभण पोत्यातून ओढताना धाप लागायची. मग ती गावच्या आरोग्य केंद्रात गेली. केंद्राला उतरण होती बरं का, चाकाच्या खुर्चीसाठी सरकारनं बांधलेली. पण उतरणीवर काय? मोटारसायकली! सावलीची जागा ना ती! अर्धा तास हाका मारल्यावर कुणीतरी त्या हलवल्या.

आत सिस्टर केसपेपर लिहीत होत्या. निर्मला सिस्टर. मंडळी, वाईट बाई नव्हती हो! समोर शंभर माणसं, लिहायला एकटी. नाव लिहिलं, वय लिहिलं. वजन... वजनकाटा भिंतीजवळ. त्यावर चढून उभं राहायचं. सिस्टरनी काट्याकडे बघितलं, द्रौपदाकडे बघितलं आणि लिहिलं — पंचेचाळीस.

द्रौपदा म्हणाली, “सिस्टर, माझं वजन केलंच न्हाई की.”

“अगं, तू उभी राहणार आहेस का? अंदाजे लिहिलंय. ती चौकट मोकळी सोडली तर कॉम्प्युटर पुढं जात नाही.”

ऐकलंत? माणूस मागे राहिला तरी चालेल, कॉम्प्युटर पुढे गेला पाहिजे!

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हुशार होत्या. त्यांनी कागद बघितला, छातीला नळी लावली, खोकल्याचं औषध दिलं. पुढच्या महिन्यात द्रौपदा परत गेली. वजन? पंचेचाळीस. त्याच्या पुढच्या महिन्यात — पंचेचाळीस. बाई म्हणाल्या, “वजन तर अजिबात कमी झालं नाही. म्हणजे काळजीचं काही नाही. तुमचं हिंडणं-फिरणं नाही ना, पायांमुळे अशक्तपणा येतो.”

पायांमुळे! डोकं दुखलं तर पायांमुळे, ताप आला तर पायांमुळे! अहो, पस्तीस वर्षं पाय तसेच होते, खोकला आत्ता आला ना?

द्रौपदा धीर करून म्हणाली, “मॅडम, भावजयीनं माझ्या झंपराला तीनदा आतून टीप मारली. अंगावर ऱ्हात न्हाई.”

“आधी सैल शिवला असेल,” बाई म्हणाल्या. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

द्रौपदा बाहेर आली. काय वाटलं असेल तिला? राग नाही आला मंडळी, ते जास्त वाईट! तिला वाटलं, मॅडम शिकलेल्या आहेत, कागदावर लिहिलंय, तेव्हा आपलंच काहीतरी चुकत असेल. आपलं अंग आपल्याला सांगतंय ते खोटं, आणि कागद खरा! एवढ्या वर्षांत जगानं तिला हेच शिकवलं होतं.

संक्रांतीनंतर ती पोती द्यायला बाजारात गेली. तिथे मापाडी शिवलिंगअप्पा. मापाडी म्हणजे बाजारात माल तोलून देणारा, लायसनवाला माणूस. पासष्टी ओलांडलेली, कपाळावर भस्म, आवाज खणखणीत. अप्पांची एक रीत होती. पहिलं पोतं काट्यावर आलं की काट्याला हात लावून तो कपाळाला लावायचा, आणि ‘एक’ म्हणायचं नाही. म्हणायचं — ‘लाभ’! लाभ, दोन, तीन, चार... जुन्या मापाड्यांची ही मोजायची पद्धत. मालाची सुरुवात शुभ शब्दानं.

अप्पांनी तिच्याकडे बघितलं आणि हातातली वही खाली ठेवली.

“अक्का, किती वाळलीस गं! दवाखान्यात दाखवलंस का न्हाई?”

“दाखवलं की अप्पा. वजन काय कमी न्हाई म्हणतेत. पंचेचाळीस हाय.”

“पंचेचाळीस?” अप्पा हसलेच. पन्नास वर्षं पोती बघितलेला डोळा तो! “कुणी केलं वजन?”

“सिस्टरनं लिवलं.”

“लिवलं ते ऱ्हाऊ दे. केलं कशावर?”

द्रौपदा हळूच म्हणाली, “काट्यावर मी चढलेच न्हाई कवा. अंदाजानं लिवतेत.”

अप्पा तिच्यासमोर पोत्यावर बसले. म्हणाले, “अक्का, ह्या बाजारात तुरीचं एक पोतं मी अंदाजानं लिवलं, तर दुसऱ्या दिवशी माझं लायसन जातंय. शेतकरी माझी गचांडी धरतोय. तुरीला अंदाज चालत न्हाई... आन् तुला चालतोय व्हय?”

मंडळी, हे वाक्य मी तुम्हाला दुसऱ्यांदा सांगणार नाही. एकदाच ऐका आणि घरी घेऊन जा.

अप्पांचा मोठा काटा जमिनीच्या बरोबरीनं बसवलेला. हमाल ढकलगाडीसकट पोती थेट वर नेतात. चढायला नको, उतरायला नको! अप्पा म्हणाले, “खुर्ची आण वर.” द्रौपदा घुटमळली. आजूबाजूला वीस हमाल. पोत्याच्या जागी बाई! तिचा चेहरा लाजेनं लाल झाला. अप्पांना कळलं. ते ओरडले, “ए, समद्यांनी पाठ करा!”

हमाल वळले. पण द्रौपदानं मान वर केली. म्हणाली, “नगं अप्पा. बघू द्या त्यास्नी. इतकी वर्सं कुणी बघितलंच न्हाई.”

आणि तिनं पेडल फिरवलं. खुर्ची काट्यावर चढली. अप्पांनी काट्याला हात लावला, कपाळाला लावला आणि म्हणाले — “लाभ!”

विठ्ठल विठ्ठल! अडतीस वर्षांच्या आयुष्यात त्या बाईला पहिल्यांदा कुणीतरी लाभ म्हटलं. घरात तिला ओझं म्हणणारे होते, बिचारी म्हणणारे होते.

खुर्चीसकट त्रेपन्न. मग तिला पोत्यांवर बसवून नुसती खुर्ची तोलली, ती भरली बावीस. करा वजाबाकी! बोला मोठ्यानं! किती?

एकतीस.

अप्पांनी तीनदा तोललं. आकडा तोच. मग त्यांनी मालाच्या पट्टीवर, म्हणजे वजनाच्या पावतीवर, स्वच्छ अक्षरात लिहिलं — द्रौपदा, एकतीस किलो. खाली सही केली, शिक्का मारला आणि धोतर सावरत तिच्याबरोबर आरोग्य केंद्रात निघाले.

डॉक्टरीणबाई आधी चिडल्या. “हे काय आहे? इथे धान्याची पट्टी कशाला आणली?” मग त्यांनी आकडा वाचला. मग द्रौपदाकडे बघितलं, तीन महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितलं. गळ्याची हाडं, मनगट. उठल्या खुर्चीवरून! थुंकी तपासायला दिली, तालुक्याला एक्स-रे लिहून दिला. तिथला माणूस म्हणाला, “उभ्या राहा.” द्रौपदा आता गप्प बसणारी नव्हती. ती म्हणाली, “उभं ऱ्हाता येत न्हाई. बसून काढा.” आणि बसून निघाला की हो! काही अडलं नाही. नुसतं कुणी मागितलं नव्हतं, आणि कुणी दिलं नव्हतं.

टीबी होता. डाव्या फुप्फुसाचा अर्धा भाग खाल्ला होता त्यानं. आणि मंडळी, टीबीच्या गोळ्या वजनावर देतात! एकतीसच्या माणसाला वेगळ्या, पंचेचाळीसच्या माणसाला वेगळ्या. म्हणजे रोग कळला असता, तरी औषधसुद्धा कागदावरच्या बाईला मिळालं असतं, खुर्चीतल्या बाईला नाही.

आता बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी सिस्टरला विचारलं, “उभं राहता न येणारे आणखी किती आहेत आपल्याकडे?” दोघी कॉम्प्युटरपुढे बसल्या. द्रौपदा तिथेच होती, तिनं आपल्या डोळ्यांनी बघितलं. द्रौपदा धरून सहा नावं निघाली. लकवा झालेले एक आजोबा — पंचेचाळीस. ऊसतोडीत पाय गेलेला एक जण — पंचेचाळीस. अंबिका नावाची मुलगी, वय वर्षं नऊ. नऊ! वजन — पंचेचाळीस!

हसलात? हसा. मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं. मग त्या नऊ वर्षांच्या पोरीला तापाचं औषध किती मापानं दिलं असेल ते मनात आलं, आणि हसू पळालं.

निर्मला सिस्टरनी तोंडाला पदर लावला. “मॅडम, माझ्या आधीच्या सिस्टर असंच लिहायच्या. मी तसंच चालू ठेवलं. माझ्या मनात काही वाईट नव्हतं हो!” नव्हतंच. मी कबूल करतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सही तर माझीच आहे खाली.”

जमिनीला लागून असलेला काटा पाहिजे, म्हणून त्यांनी वर अर्ज केला. पण अर्ज आपल्या चालीनं चालतो! तोवर काय? अप्पा म्हणाले, “रविवारी बाजार बंद असतोय. काटा धुऊन ठेवतो. घेऊन या समद्यांस्नी.” सिस्टरनी त्याच दिवशी यादी काढली आणि बाकीच्या पाचही घरी निरोप धाडले.

रविवार आला. हमालांनी आवार झाडलं होतं, काट्यावर स्वच्छ चादर अंथरली होती. आजोबांना खाटेसकट आणलं. अंबिका बापाच्या कडेवर आली. आधी बापाला पोरीसकट तोललं, मग नुसत्या बापाला. पोर भरली सतरा. प्रत्येकाला अप्पा म्हणत होते — “लाभ!” दोन, तीन म्हणायला ते तयारच नव्हते. द्रौपदा बाजूला बसून आकडे लिहून घेत होती. चार झाले. ती स्वतः पाचवी.

सहावं कोण? मग फाटकातून एक म्हातारी आली. एकटीच. शेवंताबाई. तिचा मुलगा मल्हारी, सव्वीस वर्षांचा, विहिरीच्या कामावर पडला होता आणि कमरेखाली लुळा झाला होता. बाई काट्याजवळ आली. हातात घडी घातलेला केसपेपर.

“निरोप आला म्हणून आले,” ती म्हणाली. “पोराला वजनाला आणा म्हणून. पण तो आणायला न्हाई आता. गेला की हो गेल्या महिन्यात. ताप उतरलाच न्हाई.”

यादीत नाव होतं, म्हणून निरोप गेला होता. नाव कायम होतं, माणूस नव्हता, आणि ते कुणाला ठाऊकही नव्हतं!

तिनं कागद उलगडला. “ह्यावर पंचेचाळीस लिवलंय. लई वाळला हुता माझा मल्हारी. मी एकटी त्याला कुशीवर वळवायचे. सांगा की कुणीतरी... खरं किती हुतं?”

अप्पांनी पन्नास वर्षांत हा प्रश्न कधी परत पाठवला नव्हता. ज्यानं विचारलं त्याला आकडा दिला होता. त्यांनी रिकाम्या काट्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. यादी घेऊन आलेली सिस्टर त्या बाईच्या पायाशी बसली आणि हमसून रडली. बोलली ती द्रौपदा. तिनं खुर्ची पुढे घेतली, म्हातारीचा हात धरला.

“मावशे, मला ठाव न्हाई. कुणालाच ठाव न्हाई. कुणी बघितलंच न्हाई.”

नीट तपासलं असतं तर मल्हारी वाचला असता का? मला विचारू नका. मी सांगितलं तर तोही अंदाजच होईल! पण आपल्या लेकराचं खरं वजन ऐकायला आईनं कुठे जावं, हे मला सांगा. द्रौपदा वाचली. अर्ध्या फुप्फुसावर जगते, दर महिन्याला वजन करून घेते आणि आकडा स्वतः वाचल्याशिवाय कागद हातात घेत नाही.

आता तुम्ही! सिस्टरला नावं ठेवून घरी जायचा बेत असेल, तर थांबा. आपल्या गल्लीत कोण खाटेवर आहे? कोण खुर्चीत आहे? त्याला दवाखान्यात नेऊन किती दिवस झाले? विचारलं तर तुम्ही काय म्हणता? ‘बरा असेल. आहेत की घरची माणसं.’ हेच म्हणता ना? मग तुमच्यात आणि त्या पंचेचाळीसमध्ये फरक काय राहिला? मोजायची, बघायची, विचारायची सोय असून जो माणसाबद्दल अंदाज करतो, तो पाप करतो. मी सांगतो, करतो!

आता नामाचा गजर करायचा. टाळकरी, जरा थांबा, टाळ खाली ठेवा. देवाचं नाव आपण घेणारच आहोत. त्याआधी प्रत्येकानं मनातल्या मनात एका माणसाचं नाव घ्या — आपल्या गावातलं, पायानं अडलेलं, आज इथे येऊ न शकलेलं. नुसतं नाव. घेतलं?

नाही आठवत?

मग देव कुठल्या तोंडानं आठवणार आहात? राहू द्या टाळ तसेच. मला घाई नाही. आठवेपर्यंत मी इथे उभा आहे.