पानांवर मारलेलं साधं पाणी

मी, वय ४६ वर्षे, धंदा घरी बसून शिवणकाम (शर्टांच्या कॉलर व बाह्या), राहणार भाजी मंडईमागील गल्ली, दुसरा मजला, जिन्यालगतच्या दोन खोल्या, आज शुक्रवारी सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती, बारावीत शिकणारी मुलगी आणि माझे सासरे असे चौघे राहतो. पती मालाचा टेम्पो चालवतात व आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी असतात. सासऱ्यांचे वय ७६ आहे. त्यांनी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकतीस वर्षे आचारी म्हणून काम केले. आता गुडघ्यांमुळे त्यांना ओट्याशी उभे राहता येत नाही. ते स्टुलावर बसून भाजी निवडतात आणि मी काय चुकते ते सांगतात.

मला विचारण्यात आले की, तुम्हाला भाजी विकत घेता येत नाही का? तर घेता येते. तेल, डाळ, गॅस आणि साबण घेऊन झाल्यावर येत नाही. वर्षभरात तेलाची बाटली महाग झाली आणि लहानही झाली. तेव्हापासून आमच्या घरचा स्वयंपाक सासऱ्यांच्या पद्धतीने होतो. फ्लॉवरचे देठ सोलून आतला गाभा घ्यायचा. कोबीची वरची जाड पाने शिरा काढून बारीक चिरायची. भाजी उकडलेले पाणी फेकायचे नाही, त्यातच कणीक मळायची. डाळीला एक उकळी आली की गॅस बंद करून पातेले जुन्या रजईत गुंडाळून ठेवायचे, ती आपोआप शिजते. चारशे माणसांना जेवू घातलेल्या माणसाने शिकवलेले हे काम आहे. आम्ही त्यात कमीपणा मानत नाही व कोणी मानावा अशी इच्छाही नाही.

मंडई दुपारी एक वाजता बंद होते. भाजीवाले माल निवडताना काढलेली पाने व देठ मागच्या सिमेंटच्या कट्ट्यावर टाकतात. तिथून आम्ही पंधरा-वीस बायका घरी लागेल तेवढे नेतो. भाजीवाल्यांना हे माहीत आहे. त्यातल्या एक मावशी तर चांगली पाने वेगळी काढून ठेवतात आणि आपण काही केलेच नाही अशा चेहऱ्याने उभ्या राहतात. तीन महिन्यांपूर्वी मंडईच्या साफसफाईचा ठेका नवीन ठेकेदारांना मिळाला; त्यांचा मंडईत भाजीचा गाळाही आहे. त्यांनी दोन वेळा आम्हाला हाकलले. "फुकटचं न्यायची सवय लागली तर गाळ्यावर येऊन घेणार कोण?" असे ते सर्वांसमक्ष म्हणाले. आम्ही दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी परत गेलो.

मंगळवारी दुपारी दीडच्या सुमारास मी कोबीची पाने व फ्लॉवरचे देठ मिळून एक पिशवी भरून आणली. पाने ओली होती. वास येत नव्हता. त्यातली निम्मी मी तीन पाण्यांनी धुऊन संध्याकाळी भाजी केली. आमच्या घरी कोणतेही पातेले उतरले की आधी वाटीभर सासरे चाखतात, मग बाकीचे जेवतात. ही त्यांची कॅन्टीनमधली सवय आहे. मुलीने घास उचलला होता. सासरे म्हणाले, "थांब गं. कडू लागतंय." मी म्हटले, देठ जून असतील. ते म्हणाले, "देठाचं कडू मला कळतं. हे दुसरं काहीतरी आहे." असे म्हणून त्यांनी आणखी दोन चमचे खाल्ले. मी त्यांना नको म्हटले. "टाकायचं म्हणजे खात्री नको का? एवढं पातेलं आहे," असे त्यांचे शब्द होते.

त्यानंतर पाऊण तासाने त्यांना उलट्या सुरू झाल्या व तोंडातून लाळ गळू लागली. मुलीने आणि खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्यांनी त्यांना खुर्चीवर बसवून जिना उतरवला. सरकारी दवाखान्यात ते दोन रात्री होते. कीटकनाशक पोटात गेल्याची शक्यता असल्याचा डॉक्टरांचा कागद मी सोबत जोडत आहे. मुलगी त्या दिवसापासून घरी भाजी खात नाही. फक्त भात खाते.

बुधवारी मंडईतल्या झाडूवाल्या दादांनी मला दवाखान्याच्या दारात गाठले. ते म्हणाले, "ताई, पाठीवरचा फवारणीचा पंप मलाच दिला होता. डब्यावरचा कागद आधीच फाडलेला होता. मी विचारलं, तर ठेकेदार म्हणाले, पाणी आहे, मार." दादा रडत होते. त्यांनी जबाब द्यावा असे मी त्यांना सांगितलेले नाही. त्यांची नोकरी ठेकेदारांच्या हातात आहे. द्यायचा असेल तर ते आपणहून येतील.

काल, गुरुवारी सकाळी मी पिशवीतली उरलेली पाने शिजवली. खिडकी उघडी ठेवली होती आणि मुलीला शेजारी पाठवले होते. फोडणी नेहमीची दिली. पातेले, स्वच्छ ताट, वाढायचा डाव व चिरलेले लिंबू घेऊन मी साडेअकरा वाजता मंडईच्या लोखंडी जिन्याने ठेकेदारांच्या ऑफिसात गेले. तिथे ते स्वतः व त्यांचे कारकून असे दोघे होते. आमचे बोलणे पुढीलप्रमाणे झाले.

"साहेब, मंगळवारी पानांवर काय मारलंत?"

"काही नाही बाई. साधं पाणी. धूळ बसावी म्हणून."

मी त्यांच्या टेबलावर ताट मांडले. पाहुण्याला वाढतात तसे वाढले. वरून लिंबू पिळले.

"मग जेवा. त्याच पानांची आहे."

"मी बाहेरचं खात नाही."

"बाहेरचं कुठंय? तुमच्याच मंडईतलं आहे."

कारकून हसले व लगेच फायलीत बघू लागले. मी पुन्हा म्हटले, "एक घास घ्या. पाणीच आहे ना?" त्यावर ठेकेदार उठले आणि त्यांनी उलट्या हाताने ताट ढकलले. भाजी त्यांच्या शर्टावर व टेबलावरच्या फायलींवर पडली. मी ताट फेकले, हे त्यांचे म्हणणे खोटे आहे. माझ्या एका हातात पातेले व दुसऱ्या हातात डाव होता. मात्र भाजी सांडल्याचे मला वाईट वाटले नाही, हेही लिहावे.

ठेकेदारांनी तिथल्या तिथे शर्ट काढला. ते नळाकडे धावले व कोपरापर्यंत हात तीन वेळा साबणाने धुतले. साध्या पाण्यासाठी माणूस एवढा साबण लावत नाही.

मला विचारण्यात आले की, त्यांनी तो घास खरोखर खाल्ला असता तर? तर मी त्यांचा हात धरला असता. डाव टाकून धरला असता. हे मी त्यांना सांगितले नाही. थोडा वेळ त्यांनाही ताटाकडे बघत बसावे लागावे, असे मला वाटत होते.

ठाण्यातल्या साहेबांनी मला बाजूला घेऊन समजावले की, ठेकेदार तुमच्याविरुद्धची फिर्याद मागे घ्यायला तयार आहेत, दर आठवड्याला पोतंभर ताजी भाजीही घरपोच देतील, तुम्ही दवाखान्याचा कागद काढून घ्या. मला पोते नको. मंडईमागे येणाऱ्या बाकीच्या बायकांच्या घरी कोण पोते पोचवणार? माझे सासरे काल संध्याकाळी घरी आले. पाण्याचा पेला अजून दोन्ही हातांनी धरतात. मी त्यांना विचारले, तडजोड करू का? ते म्हणाले, "माझ्या हातचं खाऊन एकतीस वर्षांत एक माणूस आजारी पडला नाही." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

उद्या दुपारी मी कट्ट्यावर जाणार आहे. बाकीच्या बायका येणार आहेत. पानांवर काही मारायचे असेल तर डबा लेबलासकट आमच्यासमोर ठेवून मारावे.

ठेकेदारांची माझ्याविरुद्धची फिर्याद मला ऐकवण्यात आली. त्यात मी त्यांना विषारी पदार्थ खाऊ घालण्याचा प्रयत्न केला, असे लिहिले आहे. म्हणजे मंगळवारच्या पानांची भाजी विषारी होती, हे त्यांनी स्वतःच्या सहीने लिहून दिले आहे. तेवढे वाक्य शब्दशः खरे आहे. ते माझ्या जबाबाला जोडावे.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला, नंतर मी स्वतः एकदा वाचला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. यातले काहीही गाळण्यास माझी संमती नाही.

सही