भिंतीपलीकडची लिंबोणी

हार्डवेअरच्या दुकानात रांगेत दोघी बहिणी उभ्या होत्या. थोरलीच्या हातात बागेच्या नळीला जोडायची पोकळ सळई होती; जमिनीत खुपसली की पाणी थेट मुळांना. मागे नवी थापी घेऊन उभा असलेला गवंडी ऐकत होता.

"ताई, अशी एक आहे ना तुझ्याकडे?"

"ती हातभरच जाते. ही दोन हात."

"एका लिंबोणीला एवढं?"

"पलीकडे जावेची लिंबोणी बघ, नुसती लगडलीय! माझ्या झाडाला पानंच पानं. सासूबाई तिची लिंबं पदरात घालून आणतात, मुद्दाम मला दाखवायला."

"जळतेस होय?"

"जळतेय माझी चप्पल! पण खोटं किती बोलावं माणसानं? म्हणते, 'जाऊबाई, मी तर तांब्याभरही पाणी घालत नाही.'"

"तू सळई खुपसतेस कुठे?"

"भिंतीलगत. तिथली माती मऊ आहे. रोज तासभर नळ सोडते."

"आणि तिचं झाड?"

"भिंतीला चिकटूनच, पलीकडून."

धाकटीला हसू फुटलं. थोरलीने हातातल्या सळईकडे पाहिलं. मग ती मागे वळली आणि थापीकडे बघत म्हणाली,

"दादा, भिंत जमिनीखाली वाढवून देता का हो?"