जगभरच्या सभेत आईचा हात

आमची आई एकदा जगभरच्या चर्चच्या सभेत बसली होती, हे तुम्हाले सांगितलं का?

पंडरीत, आमच्या हिंदी बोलणाऱ्या मोहल्ल्यात, आमच्या शेजारी सरोजदीदी राहतात, रिटायर्ड नर्स. त्यांच्या चर्चचे नियम देशोदेशीचे निवडून आलेले प्रतिनिधी मतदानानं ठरवतात. पाद्री असो की नर्स, मत एकच. यंदा इथून दीदी निवडून आल्या. सभा ऑनलाइन होती आणि त्यांचं नेट बंद पडलं, म्हणून त्या आमच्याकडे येऊन बसल्या.

ठराव असा होता, की लहान मंडळ्या, म्हणजे गावोगावची छोटी चर्चं, बंद करून मोठ्या मंडळीत मिळवायच्या. दीदींच्या माहेरच्या गावात जेमतेम आठ-दहा माणसं प्रार्थनेले जमतात. दीदींचं नाव पुकारलं, तर त्या हातातला कागदच उलटापालटा करून राहिल्या.

आई बाजूले मटार सोलून राहिली होती. म्हणाली, "काहून थांबली, सरोज? तुझ्या मायचं तू मले सांगते ना, तेच सांग यांले."

दीदी हिंदीतच बोलल्या, "मेरी माँ नब्बे की है। हर रविवार सबसे पहले आकर चर्च का दरवाज़ा वही खोलती है। चर्च बंद हुआ तो किसके लिए खोलेगी?"

मग अध्यक्षांनी विरोधातले हात वर करायले सांगितले. ठराव पडला खरा, पण त्याआधी मतं मोजताना अध्यक्ष अडले. सभेच्या दुभाष्यानं त्यांच्या वतीनं हिंदीत विचारलं, "दीदी, आपके बगल में दूसरा हाथ किसका है?"

"पड़ोसन का," दीदी डोळे पुसत म्हणाल्या. "इसे न गिनिए, पर उठा रहने दीजिए।"